घरातील अपंग माणूस आणि मागल्या जन्माचे ओझे



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारा रिकामा केला. देवांचे टाक, नवसाची नारळे, अंगारे-धुपारे सारे बाहेर गेले. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. बावीस प्रतिज्ञा आपण मोठ्या आवाजात म्हटल्या. पण जुन्या समजुतीची एक गोष्ट पुष्कळ घरांत तशीच कोपऱ्यात पडून राहते, आणि ती काढावयाची राहिली आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. घरात जन्मतः आंधळे, बहिरे, पायाने अधू किंवा बुद्धीने मंद असे मूल असले म्हणजे शेजारीण येऊन हळहळते, "मागला जलमना भोग शेतस, माय." आणि आपली दीक्षित आई पदराने डोळे पुसून मान हलविते.

ही मान हलविणे साधी गोष्ट नाही. आपल्या आज्या-पणज्यांना गावकुसाबाहेर का बसविले, असे विचारले की पूर्वी कोणते उत्तर मिळत असे? मागल्या जन्मीचे पाप! ज्या वाक्याने त्यांचे पाणी तोडले तेच वाक्य आपण स्वतःच्या लेकराला लावतो. जातीसाठी खोटे ठरलेले वाक्य पांगळ्या पायासाठी खरे कसे होईल?

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी या मताची कठोर तपासणी केली आहे. माणसाची आजची दशा गतजन्मीच्या कर्मावर ढकलली, की समाज आणि राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, हा त्यांचा आक्षेप. अपंगांच्या बाबतीत तो शब्दशः लागू पडतो. पोराचा पाय पापाने वाळला असे एकदा मानले, म्हणजे त्याला लस का मिळाली नाही हे कोणी विचारीत नाही, शाळेला उतार का नाही हे कोणी विचारीत नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पोलिओ पापाने येत असता तर तो दोन थेंबांनी कसा गेला असता?

खुद्द तथागतांना हा प्रश्न विचारला गेला होता. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मानेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी वेदनांची आठ कारणे मोजून दाखविली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची अयोग्य निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मानेच म्हणणारे लोक डोळ्यांनी दिसणारी गोष्टही नाकारतात, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. आठांपैकी सात कारणे वैद्याच्या हाताशी आहेत. आपण मात्र नेमके आठवे धरून बसतो.

एक अडचण येथेच सांगून टाकतो, कारण उद्या एखाद्या प्रवचनात ती आपल्या कानावर पडेल. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल नावाच्या अंध थेरांची कथा आहे. पावसाळी रात्री चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली किडे मेले. भिक्खूंनी तक्रार केली. त्यांना किडे दिसलेच नाहीत, हेतू नव्हता, म्हणून दोष नाही, असा निवाडा तथागतांनी दिला. पण पुढे अट्ठकथा असेही सांगते की, पूर्वजन्मी ते वैद्य होते आणि त्यांनी एका स्त्रीचे डोळे घालविले होते. अट्ठकथेचा हा संग्रह तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर अनेक शतकांनी सिद्ध झाला. बुद्धवचन कोणते हे ओळखण्यासाठी बाबासाहेबांनी कसोटी दिली आहे: जे बुद्धीला पटते आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे ते. निवाडा या कसोटीला उतरतो. पूर्वजन्मीचा वैद्य उतरत नाही. आंधळ्या माणसाच्या हातून पेला फुटला तर "दिसत नाही का?" असे ओरडण्यापूर्वी तो निवाडा आठवावा, एवढे या कथेतून घेतले तरी पुष्कळ झाले.

आता खुज्जुत्तरेकडे वळू. ही कोसंबीच्या उदेन राजाच्या राणी सामावतीची दासी. पाठीला कुबड. राणीची फुले आणण्यासाठी तिला रोज आठ नाणी मिळत. ती चार नाण्यांची फुले घेई आणि चार स्वतःजवळ ठेवी. एके दिवशी सुमन माळ्याच्या घरी तिने तथागतांचा उपदेश ऐकला आणि त्या दिवशी पूर्ण आठ नाण्यांची फुले आणली. राणीने विचारताच तिने खरे ते सांगितले. राणीने तिला घालवून दिले नाही. ऐकलेला धम्म आम्हांलाही सांग, म्हणाली. मग दासीला उच्चासनावर बसविले आणि राणी व तिच्या सख्या खाली बसल्या. पुढे रोज ती ऐकून येई आणि महालात शिकवी. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्याच स्मरणातून आला अशी परंपरा आहे. दासी, स्त्री आणि कुबडी, अशी तिहेरी हीन मानलेली ही बाई आपल्या धम्माची पहिल्या रांगेतील शिक्षिका आहे. आपल्या मुलींना सुजाता आणि विशाखा माहीत असतात. खुज्जुत्तरा किती जणींना माहीत आहे?

विनयपिटक वाचलेले काही जण म्हणतील, आंधळ्या, बहिऱ्या, लंगड्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे ना? आहे. महावग्गात तो आहे. अनवाणी गावोगाव फिरून भिक्षेवर राहणाऱ्या संघाच्या दिनचर्येसाठी तो केलेला दिसतो. पण त्याच विनयात असेही आहे की, अशा माणसाला उपसंपदा दिली गेलीच तर देणाऱ्याला दोष लागतो, उपसंपदा मात्र रद्द होत नाही. उपासक-उपासिकांना तर असा कोणताही अडसर नाही. त्रिशरण आणि पंचशील घेण्यासाठी डोळे, कान, पाय यांची अट कोणी घातलेली नाही. बहिऱ्या मुलाने ओठ न हलविता, नुसते हात जोडून आणि खुणेने सरण घेतले तरी ते सरणच आहे.

नावाविषयी थोडे बोलले पाहिजे. वस्तीत माणसाचे नाव असते राजेंद्र, पण हाक असते 'लंगड्या'. मुक्याला 'ए मुक्या', मंदबुद्धीच्या मुलाला 'येडा'. जातीच्या नावाने मारलेली हाक आपल्याला कशी झोंबते हे आपल्याला कोणी सांगावयास नको. मग हीच हाक आपल्या तोंडी कशी बसते? २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात कलम ९२ आहे. लोकांच्या दृष्टीसमोर अपंग व्यक्तीचा अवमान करण्याच्या हेतूने बुद्ध्या अपमान केल्यास किंवा धाक दाखविल्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची भाषा ज्यांनी वाचली असेल त्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. ज्या कायद्याने आपले रक्षण होते त्याचेच हे भावंड आहे.

सरकारी कागदावर हल्ली 'दिव्यांग' शब्द आहे. योजना त्या नावाने आहेत, म्हणून अर्जात तोच लिहावा. पण गोड नावाने हुरळून जाऊ नये. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. दुसऱ्याने परस्पर दिलेल्या नावाने दशा बदलत नाही, हे आपण तेव्हाच शिकलो आहोत. अपंग चळवळीतील अनेकांनीही 'दिव्यांग' शब्दावर आक्षेप घेतला. त्यांना दिव्यत्व नको आहे, बसमध्ये चढता यावे एवढेच हवे आहे.

आता घरातील रोजच्या सेवेचा प्रश्न. अतिसाराने आजारी पडलेला, स्वतःच्याच घाणीत लोळत असलेला एक भिक्खू तथागतांना दिसला. तुझी सेवा कोण करतो, असे विचारता तो म्हणाला, कोणी नाही. का नाही? कारण तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नसे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये हा प्रसंग आहे आणि तो घरात सर्वांसमोर वाचावा. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्या भिक्खूला स्वच्छ केले. एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून सांगितले की, येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे.

या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. 'तो काही उपयोगाचा नाही' हे कारण तथागतांनी मान्य केले नाही. आपल्या घरात हे कारण फार चालते. जो कमावीत नाही त्याला शेवटचे ताट, फाटकी गोधडी, पडवीतील खाट. दुसरी गोष्ट अशी की, मळ धुणारे दोघेही पुरुष होते आणि त्यांतील एक स्वतः तथागत होते. आपल्या घरात मात्र अपंग माणसाचे सारे काही एकट्या आईच्या किंवा सुनेच्या अंगावर पडते. वीस वर्षांच्या मुलाला उचलून मोरीत नेताना आईची कंबर मोडते आणि बाप, भाऊ, चुलते ओट्यावर बसून धम्मावर चर्चा करतात! त्यांनी डोक्याकडून आणि पायांकडून धरावे. विनयात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत: औषध तयार करता यावे, काय पथ्य आणि काय अपथ्य ते कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मळ, थुंकी, वांती यांची किळस धरू नये, आणि अधूनमधून चांगल्या गोष्टी बोलून आजाऱ्याचे मन उल्हसित करावे. हे पाचही गुण पुरुषाला शिकता येतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने भरत नाहीत. जळगाव-भुसावळचा मे महिना पत्र्याच्या छपराखाली कसा जातो हे आपण जाणतोच. ज्याला उठून पाणी घेता येत नाही त्याच्या हाताशी तांब्या पोचतो की नाही, हे घरातील कोणीतरी रोज पाहिले पाहिजे. बहिऱ्या मुलाशी तोंड समोर ठेवून, त्याच्या डोळ्यांकडे पाहून बोलावे आणि घरातल्या सर्वांनी त्याच्या खुणा शिकाव्यात. अंध माणसाचा हात धरून त्याला ओढू नये. आपला कोपर त्याच्या हाती द्यावा आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. त्याच्या घरातील खाट, रांजण, चप्पल यांच्या जागा न सांगता बदलू नयेत. मळणीयंत्रात किंवा अपघातात पाय गेलेल्या शेतमजुराने जयपूर पायाची चौकशी करावी. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो जयपूरला तयार केला, तो आपल्यासारख्यांसाठीच: त्यावर उकिडवे बसता येते आणि अनवाणी शेतातही चालता येते.

बुद्धीने मंद असलेल्या मुलासाठी चूळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही म्हणून सख्ख्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून जावयास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती पांढरे स्वच्छ फडके दिले आणि ते चोळीत बस म्हणून सांगितले. फडके मळत गेले आणि अनित्यता त्याला हाताने कळली. विद्यार्थी तोच होता. शिकविण्याची रीत बदलली. अशा मुलाला अंघोळ, कपडे, पैशांची ओळख, दुकानातून मीठ आणणे हे एकेक पायरी करून, महिनोन्महिने तेच ते करून शिकविता येते. त्याला भगताकडे नेऊन धूर देणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठवा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूंसाठी आहे, पण मुलाचा हात धरून त्यांच्यापर्यंत नेणारे आपणच असतो.

काही अपंगत्व दिसत नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात सिकलसेल हा रक्तदोषही आला. सातपुड्यातील भिल्ल-पावरा बांधवांत तो आहे, विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही आहे, आणि आपल्या सोयरिकी तिकडे होतातच. असे मूल वरून धडधाकट दिसते. थंडीने, श्रमाने, पाणी कमी पडल्याने त्याची हाडे ठणकतात आणि घरचे म्हणतात, कामचुकार आहे. साध्या रक्तचाचणीने हा दोष कळतो. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. सोयरीक जुळविताना पत्रिका पाहणे आपण सोडले, ते उत्तमच केले. त्या जागी ही रक्ताची चिठ्ठी पाहावी.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. नोंद झाली नाही तर हक्क मिळत नाही. जळगाव किंवा धुळे येथील शासकीय रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढावे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीप्रमाणे. शासकीय नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के अपंगांसाठी खर्चावयाचे असतात. ते कोठे गेले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल १८ वर्षांचे झाले, की आई-बापांनी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा दाखला घ्यावा. आणि एक कटू गोष्ट. बापाच्या मागे शेताची वाटणी होते तेव्हा अपंग भावाचा किंवा बहिणीचा अंगठा हक्कसोड पत्रावर गुपचूप घेतला जातो. "त्याला काय करायचंय शेत?" असे म्हणतात. कायद्याने मालमत्तेवर आणि वारसाहक्कावर त्याचा अधिकार इतरांइतकाच आहे. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही म्हणून रडणाऱ्या आपण तरी हे करू नये.

प्रांजल पाटील यांचे नाव आपण ऐकले असेल. मूळ जळगाव जिल्ह्यातील घराण्यातील ही मुलगी उल्हासनगरला वाढली. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत, मग महाविद्यालयांत आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ती शिकली; अक्षरे वाचून दाखविणाऱ्या संगणकावर तिने अभ्यास केला. २०१६ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक आला, पण पूर्ण अंध म्हणून रेल्वेने नेमणूक नाकारली. पुढच्याच वर्षी ती १२४ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. या गोष्टीचे कौतुक करताना लोक तिची जिद्द तेवढी सांगतात. माझ्या मते लक्षात ठेवावयाची गोष्ट मधली आहे: परीक्षा तिने दोन्ही वेळा जिंकली, अडली ती दारात. जळगावातच यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प अपंग, अनाथ आणि आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्याची सोय देऊन स्पर्धा परीक्षा आणि उच्च शिक्षणाची तयारी करून घेतो. ज्याच्या घरात असा हुशार मुलगा-मुलगी आहे त्याने तेथे चौकशी करावी. पण प्रत्येक अंध मुलीने जिल्हाधिकारी व्हावे अशी अपेक्षा धरू नये. ताटावर मान आणि घरात मत असण्यासाठी परीक्षा पास होण्याची अट नसते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब व्यासपीठावर आले ते हातात काठी घेऊन आणि नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर हात टेकून. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्यांना आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. लाखो लोकांना धम्म देणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्याच्या खांद्यावर टेकला होता आणि त्याने त्याची महती तिळमात्र उणी झाली नाही. आधार घेणे म्हणजे लाचारी, असे आपल्या अपंग भावाला वाटत असेल तर त्याला हे चित्र दाखवा.

आता विहाराविषयी. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यावर आपण जमतो, कारण १९३७ साली बाबासाहेब तेथे मुक्कामी होते. त्या दिवशी घरातील अपंग माणसाला कोण नेतो? बहुधा कोणी नाही. उलट त्याच्यासाठी कोणीतरी बाई घरी थांबते. डोंगराचे एक वेळ सोडा, गल्लीतील विहाराचे काय? आपण विहार बांधतो ते उंच जोत्यावर, चार-पाच पायऱ्यांचे. आत सर्वांनी जमिनीवर बसावयाचे. ज्याला मांडी घालता येत नाही तो दाराशी उभा राहतो, मग पुढच्या पौर्णिमेला येतच नाही. खुर्चीवर बसले तर मूर्तीचा अवमान होईल, असे काही वृद्ध म्हणतात. राणीने कुबड्या दासीला उच्चासन दिले होते, हे त्यांना नम्रपणे सांगावे आणि चार खुर्च्या पुढच्या रांगेत ठेवाव्यात, मागे भिंतीशी नव्हे. पायऱ्यांच्या बाजूने विटांचा उतार करावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे माप गवंड्याला सांगावे; त्याहून चढा केला तर चाकाची खुर्ची मागे घसरते. जोते दोन फुटांचे असेल तर चोवीस फूट लागतील. अंगणात तेवढी सरळ जागा नसली तर मधे सपाट टप्पा ठेवून वळण घ्यावे, दोन्ही बाजूंना हाताला धरावयास नळी लावावी आणि वर गुळगुळीत फरशी न बसविता खरखरीत सिमेंटच ठेवावे. वर्षावासापूर्वी हे काम एका रविवारच्या श्रमदानात होण्यासारखे आहे.